दुपारी कोमट, रात्री थंड : कॅम्परमधला फ्रीज पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा

कॅम्परमधल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या, फ्रीजबद्दलची माझी तक्रार सलग दोन उन्हाळे एकच होती. सकाळी सहा वाजता आतला थर्मामीटर ५ अंश सेल्सिअस दाखवी, दुपारी तीनच्या सुमारास तोच १२ अंशांवर गेलेला असे आणि रात्र पडली की फ्रीज आपोआप ताळ्यावर येई. वरच्या फ्रीझरमधला बर्फ टिकून राही, नासत असे ते खालच्या कप्प्यातले दूध. पहिल्यांदा दाराचे रबर बदलले. त्यानंतर नेमके काही थंड दिवस आले आणि दोष गेला असे वाटले. दुसऱ्यांदा, हा फ्रीज गॅसवरही चालतो म्हणून, त्याचा बर्नर साफ करून घेतला. पुन्हा तीन आठवडे बरे गेले. तिसऱ्यांदा दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले की मागचे संपूर्ण कूलिंग युनिट, म्हणजे उष्णता बाहेर नेणाऱ्या बंद नळ्यांचा संच, बदलावे लागेल, आणि तो खर्च जवळजवळ नव्या फ्रीजइतका होता. प्रत्यक्षात युनिटमध्ये काहीही दोष नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती दोन वर्षे गेली. ज्यांचा फ्रीज असाच अधूनमधून दगा देतो त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून तपासणीचा सगळा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली की बाकीचा तपास सोपा होतो. फ्रीज थंड होत नाही याचा अर्थ उष्णता वाटेत कुठेतरी अडली आहे, किंवा जेवढी बाहेर जाते त्याहून जास्त आत शिरते आहे. ती नेमकी कुठे अडली हे शोधल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू नये.

आधी आपला फ्रीज कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. चालू असताना बारीक घरघर ऐकू येत असेल आणि तो फक्त विजेवर चालत असेल, तर तो कॉम्प्रेसरचा आहे. असा फ्रीज थंड होईनासा झाला की पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसत असले तरी कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी फ्रीजच्या स्वतःच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोहोचतात, हे मल्टिमीटर तिथेच लावून पाहावे. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की बॅटरी वाचवण्यासाठी कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू करून पाहतो आणि हे चक्र दिवसभर चालत राहते. बहुतेक कंट्रोलरवर एक छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो. तो किती वेळा लुकलुकला हे मोजून माहितीपुस्तिकेत अर्थ पाहिला तर निम्मे काम होते. उरलेल्या तक्रारी बहुधा धुळीने भरलेल्या कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या) किंवा बंद पडलेल्या पंख्याच्या असतात.

फ्रीज निःशब्द असेल आणि गॅस, घरगुती वीज व १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालत असेल, तर तो ॲब्सॉर्प्शन (शोषण) प्रकारचा आहे, आणि माझा फ्रीज याच प्रकारचा असल्यामुळे पुढचे सगळे त्याच्याबद्दल आहे. या यंत्रात हलणारा एकही भाग नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधून काढले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. खाली बॉयलर तापला की पाण्यातून अमोनियाची वाफ सुटते, वर कंडेन्सरमध्ये ती निवून द्रव होते, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात त्या द्रवाची पुन्हा वाफ होताना फ्रीजमधली उष्णता शोषली जाते आणि शेवटी खालच्या नागमोडी नळ्यांत पाणी त्या अमोनियाला परत सामावून घेते. हे सगळे केवळ गुरुत्वाकर्षणाने आणि तापमानातल्या फरकाने चालते. म्हणूनच हा फ्रीज तीन बाबतींत हळवा असतो : तो पाणसळीत, म्हणजे अगदी समपातळीत, हवा, बॉयलरला पुरेशी आच हवी आणि मागच्या बाजूला मोकळा वारा हवा.

मोजल्याशिवाय निदान नाही

माझी पहिली चूक अशी की मी हात लावून थंडी अजमावत होतो. दार उघडताच आतली हवा क्षणात बदलते, त्यामुळे हवेचे तापमान पाहून काहीच कळत नाही. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या फळीवर ठेवावा आणि पहाटे, दुपारी व झोपण्यापूर्वी अशा तिन्ही वेळी आतले व बाहेरचे तापमान लिहून ठेवावे. हा फ्रीज अतिशय सावकाश चालतो. कोमट अवस्थेतून पूर्ण थंड व्हायला त्याला १२ तास सहज लागतात, कधी पूर्ण दिवस लागतो. त्यामुळे केलेल्या दुरुस्तीचा परिणाम तासाभरात पाहू नये आणि एका दिवशी दोन दुरुस्त्या करू नयेत. दोन केल्या आणि गुण आला, तर तो कशामुळे आला हे कळत नाही आणि महिन्याने तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते.

पहिली चाचणी एकच. गाडी नीट पाणसळीत उभी करावी, फ्रीज रिकामा ठेवून घरगुती विजेवर लावावा, सर्वांत थंड मात्रेवर ठेवावा आणि २४ तास दार उघडू नये. एवढ्या वेळात पेल्यातले पाणी ४ ते ५ अंशांपर्यंत उतरले, तर कूलिंग युनिट शाबूत आहे आणि दोष गॅसमध्ये, १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये किंवा वाऱ्यात आहे. विजेवर उतरले नाही पण गॅसवर उतरले, तर हीटरकडे पाहावे. कशावरच उतरले नाही, तर मात्र मागची जाळी काढून नीट बसावे लागेल. या काळात दूध, मांस, शिजवलेले अन्न दुसरीकडे ठेवावे. नासणारे पदार्थ ५ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले असतील तर ते टाकून द्यावेत, वास ठीक आहे एवढ्यावर विसंबू नये.

पाणसळीचे महत्त्व नवख्यांना पटत नाही, कारण घरातला फ्रीज थोडा कलला तरी त्याचे काही बिघडत नाही. येथे मात्र द्रव उतारावरून आपल्या वजनाने परत यायचा असतो. नळीत कुठे तो साचून राहिला की बॉयलर कोरडा पडू लागतो, प्रमाणाबाहेर तापतो आणि नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेले सोडियम क्रोमेट कायमचे बसून बारीक वाट बुजवते. हा बिघाड मग सहसा उलटत नाही. अनेक उत्पादक आडव्या दिशेला ३ आणि पुढे-मागे ६ अंशांची मर्यादा सांगतात. ३ अंश म्हणजे एका मीटरला सुमारे ५ सेंटिमीटर, आणि एवढा कल डोळ्यांना जाणवतोही. पातळी मोजताना गाडीच्या जमिनीवर न मोजता लेव्हल फ्रीझरच्या तळाशी ठेवून मोजावी, कारण फ्रीज बसवतानाच तो किंचित तिरका बसलेला असू शकतो. गाडी चालू असताना कल सतत बदलत राहतो, म्हणून प्रवासात काळजी नसते. धोका असतो तो उतारावर रात्रभर उभ्या केलेल्या गाडीत चालू ठेवलेल्या फ्रीजला.

आच पुरेशी पोहोचते का

१२ व्होल्टवर फ्रीज नीट चालत नाही ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा दोष फ्रीजचा नसून वायरीचा असतो. १२० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर १० अँपिअर खेचतो, म्हणजे त्याचा रोध १.२ ओहम असतो. अल्टरनेटरपासून (इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून) फ्रीजपर्यंत जाऊन-येऊन १२ मीटर तांब्याची वायर आहे आणि ती १.५ चौरस मिलिमीटर जाडीची आहे असे धरले, तर वाटेतच सुमारे सव्वा व्होल्ट खर्च होतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १२० वॅटऐवजी बॉयलरला ९६ च्या आसपासच मिळतात, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची केली तर घट एक तृतीयांश व्होल्टवर येते. गंजलेला सांधा किंवा सैल फ्यूजही हेच करतो. दहा मिनिटे चालवून प्रत्येक सांध्याला हात लावावा, जो गरम लागेल तो दोषी. मुळात १२ व्होल्टचा हीटर आधीच थंड झालेला फ्रीज प्रवासात थंड राखण्यासाठी असतो, कोमट फ्रीज थंड करण्यासाठी नसतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तो घरगुती विजेवर लावून ठेवला की निम्म्या तक्रारी राहत नाहीत.

घरगुती विजेच्या हीटरची तपासणी त्याहून सोपी आहे. वीज पूर्ण तोडून, हीटरची टोके सोडवून त्यांचा रोध मोजावा. व्होल्टचा वर्ग करून वॅटने भागले की हवा तो आकडा मिळतो. २३० व्होल्ट आणि १२५ वॅटच्या हीटरला तो सुमारे ४२३ ओहम येईल. मोठ्या फ्रीजमध्ये दोन हीटर असतात, आणि त्यांतला एक जळाला तर फ्रीज थंड हवेत चांगला चालतो पण ऊन चढले की हार मानतो. असा अर्धवट बिघाड वर्षानुवर्षे लक्षात न आलेला मी पाहिला आहे.

गॅसवर चालताना ज्योत निळी, स्थिर आणि नेमकी नळीखाली असावी. ती पिवळी असेल, हलत असेल किंवा वर काजळी दिसत असेल, तर बर्नरला हवा कमी पडते आहे. बर्नरमध्ये कोळ्यांची जाळी होणे हे याचे अगदी नित्याचे कारण आहे. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटचे छिद्र मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे असते. ते सुईने किंवा तारेने कधीही टोकरू नये, कारण ते किंचित मोठे झाले तरी ज्योत कायमची बिघडते. जेट काढून अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावे, हवेने सुकवावे आणि परत बसवावे. धुराच्या नळीत पिळाची एक धातूची पट्टी लोंबत असते, तिच्यामुळे आच नळीच्या भिंतीला चिकटून वर जाते. ती पट्टी खाली घसरली किंवा साफसफाईनंतर बसवायची राहून गेली, तर ज्योत सुंदर दिसते आणि फ्रीज मात्र थंड होत नाही. खडबडीत रस्त्यावरून प्रवास झाला की या नळीतला गंज सुटून बर्नरवर पडतो. ज्यांचा फ्रीज साफ केल्यावर काही आठवडे चालतो आणि पुन्हा थांबतो, त्यांनी बर्नरच्या तोंडावर तपकिरी कपचे पडले आहेत का ते पाहावे आणि वरची नळी ब्रशने एकदा पुरती झाडून घ्यावी, नाही तर हे चक्र संपत नाही.

शेगडी पेटवल्याबरोबर फ्रीजची ज्योत खाली बसत असेल तर रेग्युलेटर दमला आहे. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमध्ये नुसता ब्यूटेन असेल तर ०.५ अंशांनी शून्याच्या खाली गेल्यावर त्याची वाफच होईनाशी होते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. गॅसचे हे काम करताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असावा, जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आणि मनात जराही शंका असेल तर हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

मागचा वारा

माझ्या फ्रीजचा दोष येथे सापडला, म्हणून येथे जरा थांबतो तो विषय समजावून सांगण्यासाठी. बाहेरच्या भिंतीला दोन जाळ्या असतात. खालच्या जाळीतून थंड हवा आत यावी, गरम नळ्या व कंडेन्सरच्या पात्यांना घासून वर जावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, अशी ती एक चिमणीच असते. पण हवा नेहमी मोकळी वाट धरते. फ्रीजची पाठ आणि गाडीची भिंत यांच्यात जागा जास्त असेल, तर हवा पात्यांना न शिवता भिंतीलगत निघून जाते; वरच्या जाळीच्याही वर पोकळी राहिली असेल, तर गरम हवा तिथे कोंडून बसते. कंडेन्सर आणि भिंत यांच्यातली फट साधारण २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे बऱ्याच उत्पादकांच्या सूचनांत असते, आणि गाडी बांधताना ही सूचना पाळली गेली असेलच असे धरून चालू नये.

एका दुपारी फ्रीज विजेवर ठेवून वरच्या जाळीसमोर मी पातळ कागदाची पट्टी धरली. आत एवढी उष्णता असताना ती फडफडायला हवी होती, पण ती नुसती लोंबत राहिली. जाळी काढून टॉर्चने पाहिले तेव्हा कंडेन्सर आणि बाहेरची भिंत यांच्यात चार बोटे आरपार जात होती, आणि फ्रीजच्या डोक्यावर जवळजवळ वीतभर रिकामी खोबण होती. त्या खोबणीत हात घालवेना इतकी हवा तापलेली होती. फ्रीज आपले काम करत होता, नळ्या आतली उष्णता आणून देत होत्या, पण ती घेऊन जायला कोणी नव्हते. रात्री बाहेरची हवा गार होई तेव्हा एवढ्या दुबळ्या वाऱ्यावरही भागे, आणि म्हणून सकाळी सगळे ठीक दिसे. दोन वर्षे तापमान लिहून ठेवले असते तर वहीतच हे उत्तर दिसले असते.

उपाय साधा होता. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वाकवून भिंतीच्या आतल्या बाजूला असा बसवला की हवेला पात्यांमधूनच जावे लागेल, आणि वरच्या खोबणीवर जाळीच्या दिशेने उतरता दुसरा पत्रा लावून ती बंद केली. बॉयलर आणि धुराची नळी यांच्या जवळ जळणारे काहीही लावू नये आणि धुराची वाट कुठेही अडवू नये, एवढे पथ्य पाळले. दुसऱ्या दिवशी तीच कागदाची पट्टी वर उडाली. त्या आठवड्यात दुपारचे तापमान १२ वरून ७ वर आले, आणि कंडेन्सरखाली वरच्या दिशेने फुंकणारे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवल्यावर ते ५ च्या आसपास स्थिरावले. पंखे बर्नरजवळ नसावेत, नाही तर त्यांच्या झोताने ज्योत विझते. उष्णता वाढली की आपोआप सुरू होणारा छोटा थर्मोस्टॅट त्यांना जोडला की बॅटरीवर भार पडत नाही. याशिवाय गाडी उभी करताना फ्रीजची बाजू दुपारच्या उन्हात येऊ नये एवढे पाहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

दाराच्या आतल्या बाजूची तपासणी थोडक्यात आटोपते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. तो सहज निसटत असेल तर तिथून गरम हवा आत येते. आतल्या पात्यांवर बर्फाचा जाड थर बसला असेल तर तो वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. फळ्यांवर कागद किंवा ताटे पसरून हवेची वाट बंद करू नये, गरम पदार्थ आत ठेवू नयेत, आणि शक्यतो आधीच थंड झालेलेच सामान भरावे. तापमान ओळखणारा छोटा सेन्सर पातीवर चिमट्याने बसवलेला असतो. तो निसटून खाली पडला, तर आत काय चालले आहे हे फ्रीजला कळत नाही आणि तो मनाला येईल तसा वागतो.

युनिट खरेच गेले आहे हे केव्हा म्हणावे

फ्रीज पाणसळीत आहे, बॉयलर व्यवस्थित तापतो, वारा चांगला आहे, तरी २४ तासांनंतर आत थंडी नाही, अशी स्थिती असेल तर मागच्या नागमोडी नळ्यांना काळजीपूर्वक हात जवळ नेऊन पाहावा. त्या चांगल्या गरम असायला हव्यात. बॉयलर कढत आणि या नळ्या थंड, असे असेल तर आतले अभिसरण थांबले आहे. फार दिवस बंद राहिलेला फ्रीज काढून काही तास उलटा ठेवला आणि मग सरळ करून दिवसभर तसाच ठेवून सुरू केला, की कधी कधी आतला द्रव पुन्हा मिसळतो व फ्रीज चालू लागतो. मात्र जास्त तापून वाट बुजली असेल तर या उपायाने काही दिवसांची सवड मिळते, त्याहून अधिक काही नाही.

गळती मात्र वेगळी ओळखू येते. अमोनियाचा झोंबणारा वास, किंवा बॉयलरच्या आसपास पिवळा डाग अथवा पूड, ही त्याची खूण आहे. ती पूड म्हणजे सोडियम क्रोमेट. ते विषारी आणि कर्करोगकारक आहे, म्हणून ते हाताने पुसू नये. नळ्यांत अनेक बार दाबाखाली ज्वलनशील हायड्रोजनही असतो, आणि तडा गेलेल्या बॉयलरजवळ ज्योत पेटवणे म्हणजे आगीला निमंत्रण. असा वास आला की गॅस बंद करावा, वीज तोडावी, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी गाडीबाहेर यावे आणि तो फ्रीज पुन्हा सुरू करून पाहू नये. युनिट बदलण्याचा खर्च करायचा तो अशी खूण दिसल्यावर, किंवा पाणसळ, आच आणि वारा या तिन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांनी तपासून झाल्यावर. नवे युनिट बसवले तरी मागची फट तशीच राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच वहीत दुपारी तीनच्या रकान्यात पुन्हा १२ हाच आकडा लिहावा लागतो.